समाजमाध्यमांच्या एपीआयमधील वापरकर्त्याच्या अधिकारस्तराची तपासणी : स्वरूप, पद्धती आणि महाविद्यालयीन उपयोजन

प्रस्तावना :

माहिती तंत्रज्ञानाच्या प्रसारामुळे उच्च शिक्षण संस्थांच्या कामकाजात मूलभूत बदल झालेला आहे. एकेकाळी सूचनाफलक, वार्षिक नियतकालिक आणि स्थानिक वर्तमानपत्र एवढीच महाविद्यालयाच्या प्रसिद्धीची साधने होती. आज महाविद्यालयाचे संकेतस्थळ, फेसबुकवरील पान, यूट्यूबवरील वाहिनी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराची छायाचित्रे टाकण्यासाठी उघडलेले स्वतंत्र खाते ही सर्व साधने तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही रुळलेली आहेत. बीड जिल्ह्यातील आष्टीसारख्या ठिकाणी कडा, धानोरा व आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयाची सूचना पुष्कळदा फलकाच्या आधी भ्रमणध्वनीवर मिळते.

या साधनांचा वापर वाढला की त्यांना एकमेकांशी जोडण्याची गरज निर्माण होते. संकेतस्थळावर टाकलेली सूचना आपोआप फेसबुकच्या पानावर जावी, यूट्यूबवरील व्याख्यानांची यादी संकेतस्थळावर दिसावी, विद्यार्थ्याला नवा पासवर्ड न घेता आपल्या गुगल किंवा फेसबुक खात्यानेच महाविद्यालयाच्या पोर्टलवर प्रवेश करता यावा, अशा अपेक्षा व्यक्त होतात. ही जोडणी एपीआयच्या साहाय्याने केली जाते. जोडणी करणे फारसे अवघड राहिलेले नाही. मात्र ती करताना 'ही कृती करण्याचा अधिकार या वापरकर्त्याला आहे काय?' हा प्रश्न विचारण्याकडे सर्रास दुर्लक्ष होते. या दुर्लक्षाचे परिणाम विद्यार्थ्यांच्या खासगी माहितीपर्यंत पोहोचतात. म्हणून प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन संगणकशास्त्राव्यतिरिक्त अन्य विषयांच्या अध्यापकांनाही आकलन होईल अशा रीतीने करण्याचा प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे :

१. एपीआय, टोकन, परवानगी आणि भूमिका या संकल्पना स्पष्ट करणे.
२. अधिकारस्तराची तपासणी कोणत्या टप्प्यांनी करावी याचे विवेचन करणे.
३. फेसबुक, ट्विटर व मराठी विकिपीडिया यांच्या आधारे या तपासणीचे महत्त्व विशद करणे.
४. महाविद्यालयांसाठी व्यवहार्य सूचना मांडणे.

बीजशब्द : एपीआय, टोकन, अधिकारस्तर, भूमिका, संमती, मराठी विकिपीडिया.

संकल्पनांचे स्पष्टीकरण :

एपीआय म्हणजे एका संगणक प्रणालीने दुसऱ्या प्रणालीसाठी उघडून दिलेली कामकाजाची खिडकी होय. तहसील कार्यालयात नागरिक थेट अभिलेख कक्षात जाऊन दप्तर उघडत नाही. तो खिडकीवर ठरावीक नमुन्यात अर्ज देतो आणि आतील कर्मचारी नियमाप्रमाणे उतारा देतो किंवा अर्ज नाकारतो. एपीआयचे कार्य याच प्रकारचे असते. बाहेरचा प्रोग्राम ठरावीक नमुन्यात विनंती पाठवितो, समाजमाध्यमाचा सर्व्हर ती तपासतो व उत्तर देतो.

या तपासणीचे दोन भाग आहेत. विनंती करणारा कोण आहे हे ठरविणे ही ओळख-पडताळणी, आणि त्याला ही कृती करता येते काय हे ठरविणे ही अधिकार-पडताळणी होय. दोहोंमध्ये गल्लत करणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. परीक्षा केंद्रावर ओळखपत्र पाहून विद्यार्थी खरा आहे हे कळते. तो त्याच विषयाच्या परीक्षेला बसण्यास पात्र आहे की नाही, हे प्रवेशपत्रावरून कळते. लॉगिन यशस्वी झाले याचा अर्थ केवळ ओळख पटली एवढाच होतो.

समाजमाध्यमांच्या आरंभकाळात बाहेरच्या ॲपला काम करून द्यायचे असल्यास आपला पासवर्डच त्याच्या हवाली करावा लागे. ही पद्धत धोकादायक होती, कारण पासवर्ड मिळालेल्या ॲपला खातेदाराचे सर्व अधिकार मिळत. त्यावर उपाय म्हणून २००७ मध्ये ओऑथ या पद्धतीचा पहिला मसुदा सिद्ध झाला. ट्विटरने ऑगस्ट २०१० मध्ये आपल्या एपीआयसाठी पासवर्डची जुनी पद्धत बंद करून ओऑथ अनिवार्य केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये ओऑथची दुसरी आवृत्ती प्रमाणित स्वरूपात प्रसिद्ध झाली आणि आज बहुतेक समाजमाध्यमांचे व्यवहार तिच्यावरच आधारलेले आहेत. या पद्धतीत खातेदार पासवर्ड देत नाही. तो ॲपला ठरावीक कामांपुरती परवानगी देतो आणि त्या परवानगीची खूण म्हणून ॲपला एक टोकन मिळते.

टोकनचे स्वरूप मुखत्यारपत्राच्या दाखल्याने चांगले समजते. आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात कुलमुखत्यारपत्र आणि विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र असे दोन प्रकार परिचित आहेत. पासवर्ड देणे म्हणजे कुलमुखत्यारपत्र देणे, तर टोकन देणे म्हणजे विशिष्ट कामापुरते व बहुधा विशिष्ट मुदतीपुरते मुखत्यारपत्र देणे होय. या दाखल्यात दुसराही एक मुद्दा दडलेला आहे. मुखत्यारपत्रात 'जमीन विकण्याचा अधिकार' असे शब्द लिहिले, पण देणाऱ्याची मालकी सामाईक क्षेत्रातील केवळ चौथ्या हिश्श्याची असेल, तर मुखत्याराला त्या हिश्श्यापलीकडे काही विकता येत नाही. म्हणजे मुखत्यारपत्राचा मजकूर आणि देणाऱ्याचा सातबारा हे दोन्ही कागद पाहावे लागतात.

एपीआयच्या बाबतीत नेमके हेच घडते. टोकनमध्ये नमूद असलेली व्याप्ती ही ॲपला मिळालेली परवानगी, तर त्या पानावर, गटात किंवा संकेतस्थळावर खातेदाराचे जे स्थान आहे ती त्याची भूमिका. प्रत्यक्ष वापरता येणारा अधिकार म्हणजे या दोहोंचा सामाईक भाग होय. अधिकारस्तराच्या तपासणीचे सर्व विवेचन या एका सूत्राभोवती फिरते.

फेसबुकच्या एपीआयमधील तपासणी :

फेसबुकच्या एपीआयला ग्राफ एपीआय असे नाव आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयाने आपल्या संकेतस्थळावरील सूचना फेसबुकच्या पानावर आपोआप जाव्यात अशी व्यवस्था केली. ज्या अध्यापकाने लॉगिन करून ॲपला परवानगी दिली, त्याचे टोकन प्रणालीत साठविले गेले. आता प्रत्येक सूचना पाठविण्यापूर्वी चार गोष्टी तपासणे आवश्यक ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे टोकन जिवंत आहे काय आणि ते आपल्याच ॲपसाठी दिलेले आहे काय. ग्राफ एपीआयमध्ये टोकनची तपासणी करण्याची स्वतंत्र सोय आहे. तिच्या उत्तरात टोकन वैध आहे की नाही, ते कोणत्या ॲपचे व कोणत्या वापरकर्त्याचे आहे, त्याची मुदत केव्हा संपते आणि त्यात कोणत्या परवानग्या आहेत ही माहिती मिळते. ॲपचा क्रमांक पडताळून पाहणे विशेष महत्त्वाचे आहे. अन्य एखाद्या ॲपसाठी घेतलेले टोकन कोणी आपल्या पोर्टलपुढे ठेवले आणि पोर्टलने केवळ 'टोकन वैध आहे' एवढ्यावर विश्वास ठेवला, तर परक्या माणसाला दुसऱ्याच्या नावाने प्रवेश मिळू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे आवश्यक ती परवानगी प्रत्यक्षात मिळालेली आहे काय. परवानगी मागणे आणि मिळणे या दोन भिन्न घटना आहेत. ग्राफ एपीआयच्या ३० एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या दुसऱ्या आवृत्तीपासून वापरकर्त्याला मागितलेल्या परवानग्यांपैकी काही देण्याची व काही नाकारण्याची मुभा मिळाली. त्यामुळे लॉगिन यशस्वी झाले म्हणून सर्व परवानग्या मिळाल्या असे गृहीत धरता येत नाही. वापरकर्त्याच्या परवानग्यांची यादी मागविल्यास प्रत्येक परवानगीपुढे ती 'दिलेली' आहे की 'नाकारलेली' आहे याची नोंद येते. ओऑथच्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रमाणकातही मागितलेल्या व्याप्तीपेक्षा वेगळी व्याप्ती दिली असल्यास सर्व्हरने ते कळविले पाहिजे, असे बंधन आहे. ही नोंद वाचणे मात्र प्रोग्राम लिहिणाऱ्याचे काम असते.

तिसरी गोष्ट म्हणजे त्या पानावरील वापरकर्त्याची भूमिका. वापरकर्ता ज्या पानांचे व्यवस्थापन करतो त्यांची यादी मागविल्यावर प्रत्येक पानासोबत त्याला करता येणाऱ्या कामांची नोंद मिळते. संपूर्ण व्यवस्थापन, मजकूर तयार करणे, प्रतिक्रियांचे नियमन, जाहिरात आणि केवळ आकडेवारी पाहणे असे त्यात भेद आहेत. केवळ आकडेवारी पाहण्याची भूमिका असलेल्या व्यक्तीने ॲपला पानावर लिहिण्याची परवानगी दिली, तरी मजकूर प्रसिद्ध होणार नाही. मुखत्यारपत्र आहे, पण सातबाऱ्यावर नाव नाही, अशी ही स्थिती होय.

चौथी गोष्ट म्हणजे नकाराचा अर्थ लावणे. सर्व तपासण्या करूनही सर्व्हर विनंती नाकारू शकतो. वेब व्यवहारात ४०१ हा संकेत ओळख न पटल्याचा, तर ४०३ हा ओळख पटूनही अधिकार नसल्याचा निदर्शक आहे. ग्राफ एपीआय याशिवाय स्वतःचे त्रुटीक्रमांक देते. त्यातील १९० हा टोकन निरुपयोगी झाल्याचा, तर १० तसेच २०० ते २९९ हे परवानगीच्या अभावाचे निदर्शक आहेत. टोकन संपले असल्यास पुन्हा लॉगिन करावयास सांगणे योग्य ठरते. अधिकारच नसल्यास वारंवार लॉगिन करूनही काही साध्य होत नाही. तेथे पानाच्या मुख्य व्यवस्थापकाकडे जाणे हाच मार्ग असतो. प्रोग्रामने 'काहीतरी चुकले' असा एकच संदेश दाखविल्यास वापरकर्त्याला हा फरक कळत नाही.

ट्विटरचा अनुभव :

ट्विटरच्या एपीआयमध्ये अधिकारांचे तीन सरळ स्तर होते : केवळ वाचणे, वाचणे व लिहिणे, आणि त्याशिवाय खासगी संदेश हाताळणे. १.१ या आवृत्तीत प्रत्येक उत्तराच्या शीर्षभागात संबंधित टोकनचा स्तर नमूद केलेला असे. त्यामुळे स्वतंत्र विनंती न करताही तपासणी करता येत असे.

येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ॲपचा स्तर 'वाचणे' वरून 'वाचणे व लिहिणे' असा बदलला, तरी पूर्वी दिलेली टोकने जुन्याच स्तरावर राहत. नवा स्तर मिळण्यासाठी वापरकर्त्याकडून नव्याने परवानगी घेणे आवश्यक असे. पुष्कळ नवशिक्या प्रोग्रामरांना यात प्रणालीचा दोष दिसे. वस्तुतः ते तत्त्वाला धरूनच होते. ज्याने वाचण्याची संमती दिली त्याच्या नावाने लिहिण्याचा अधिकार ॲपने परस्पर घेणे कधीही समर्थनीय ठरणार नाही. ट्विटरचे नाव जुलै २०२३ मध्ये एक्स असे झाले आणि त्याच वर्षी एपीआयच्या जुन्या मोफत योजनाही बंद झाल्या; तथापि हे तत्त्व सर्वत्र लागू पडते.

मराठी विकिपीडिया : एक जवळचे उदाहरण

वरील माध्यमांची अंतर्गत रचना बाहेरच्या अभ्यासकाला पूर्णतः पाहता येत नाही. याउलट मराठी विकिपीडिया हे सर्वांना खुले असलेले, मराठी भाषकांनी चालविलेले आणि म्हणून अध्यापनासाठी अत्यंत उपयुक्त असे उदाहरण आहे. १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, त्याचा प्रारंभ झाला. रूढ अर्थाने ते समाजमाध्यम नसले, तरी अनेक सदस्यांचा सहभाग, चर्चापाने, अधिकारांची उतरंड आणि समृद्ध एपीआय ही सर्व वैशिष्ट्ये त्यात आहेत.

येथील सदस्यांच्या गटांना खास मराठी नावे मिळालेली आहेत. सर्वसाधारण सदस्य, पाने वगळण्याचा व सुरक्षित करण्याचा अधिकार असलेले प्रचालक, आणि स्वयंचलित संपादने करणारे सांगकामे हे त्यांतील प्रमुख गट. 'सांगकाम्या' हा शब्द विशेष अर्थपूर्ण आहे. सांगितलेले काम करणारा, पण त्यापलीकडे स्वतःहून न जाणारा, हे यंत्राचे लक्षण त्यात नेमके उतरले आहे.

समजा, एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाने आष्टी तालुक्यातील गावांविषयीच्या लेखांमध्ये एकाच प्रकारची दुरुस्ती करण्यासाठी लहानसा प्रोग्राम तयार केला. त्याने काम सुरू करण्यापूर्वी मीडियाविकीच्या एपीआयला 'मी कोण आणि माझे अधिकार कोणते ?' असा प्रश्न विचारावयास हवा. सदस्य-माहितीची विनंती केल्यास गट, अधिकार, वेगमर्यादा आणि खाते रोखलेले असल्यास त्याची माहिती एकाच उत्तरात मिळते. या उत्तराचा वापर करताना पुढील मुद्दे ध्यानात ठेवावेत.

पहिला मुद्दा असा की, गट तपासू नये, अधिकार तपासावा. गटाचे नाव हे अनेक अधिकारांच्या गाठोड्याला दिलेले लेबल असते आणि गाठोड्यातील वस्तू बदलू शकतात. याचे ठळक उदाहरण २०१८ मधील आहे. त्यापूर्वी विकिपीडियाच्या सर्व वाचकांच्या ब्राउझरमध्ये चालणारी स्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार प्रचालकांना होता. अशा एका खात्याचा पासवर्ड चोरीला गेला तरी प्रत्येक वाचकापर्यंत घातक स्क्रिप्ट पोहोचण्याचा धोका होता. म्हणून २०१८ मध्ये हा अधिकार प्रचालक गटातून काढून इंटरफेस प्रचालक नावाच्या वेगळ्या, लहान गटाकडे देण्यात आला. 'प्रचालक असेल तर स्क्रिप्ट बदलू शकेल' अशी अट लिहिलेले प्रोग्राम त्या दिवसापासून चुकीचे ठरले. 'स्क्रिप्ट बदलण्याचा अधिकार आहे काय' असे विचारणारे प्रोग्राम मात्र योग्यच राहिले.

दुसरा मुद्दा म्हणजे अधिकार सर्वसाधारण असला तरी विशिष्ट पानावर तो चालेलच असे नाही. एखादे पान सुरक्षित केलेले असल्यास संपादनाचा सामान्य अधिकार तेथे अपुरा पडतो. यासाठी 'हे पान मला संपादित करता येईल काय ?' अशी पाननिहाय चाचणी घेण्याची सोय एपीआयमध्ये आहे.

तिसरा मुद्दा टोकन व भूमिका यांच्या सामाईक भागाचा आहे. विकिपीडियावर प्रोग्रामसाठी मुख्य पासवर्डऐवजी मर्यादित अधिकारांचा वेगळा पासवर्ड तयार करता येतो किंवा ओऑथ वापरता येते. प्रचालकाने आपल्या प्रोग्रामला केवळ संपादनाचा परवाना दिला, तर त्या प्रोग्रामला पाने वगळता येत नाहीत. आणि सामान्य सदस्याने वगळण्याचा परवाना दिला तरी तो निष्फळ ठरतो, कारण मुळात तो अधिकार त्याच्याकडेच नाही.

चौथा मुद्दा गृहीतक स्पष्टपणे सांगण्याचा आहे. विनंतीसोबत 'मी लॉगिन केलेला सदस्य आहे' किंवा 'मी सांगकाम्या आहे' असे विधान जोडता येते. ते विधान खोटे ठरल्यास सर्व्हर कृती न करता त्रुटी कळवितो. मध्येच लॉगिन तुटले आणि प्रोग्रामच्या ते लक्षात आले नाही, तर संपादने खात्याच्या नावावर न होता अनामिक म्हणून नोंदली जाण्याचा संभव असतो. एका लहानशा विधानाने हा धोका टळतो.

पाचवा मुद्दा महाविद्यालयांतील कार्यशाळांशी संबंधित आहे. विकिपीडियावर एका आयपी पत्त्यावरून दिवसाला साधारणतः सहाच नवी खाती उघडता येतात. महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेतील सर्व यंत्रे बाहेरच्या जगाला बहुधा एकाच आयपी पत्त्याने दिसतात. त्यामुळे चाळीस विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत सातव्या विद्यार्थ्यापासून खाते उघडणे थांबते आणि आयोजकांना वाटते की संकेतस्थळ बंद पडले. वास्तविक ही अधिकारस्तराचीच मर्यादा आहे. खाती आदल्या दिवशी घरून उघडावयास सांगणे, अथवा मर्यादा तात्पुरती शिथिल करण्याची विनंती आधीच नोंदविणे हे त्यावरील उपाय होत. एका विनंतीत किती नोंदी मिळतात हेही अधिकारावर अवलंबून असते. बहुतेक याद्यांसाठी सामान्य सदस्याला ५००, तर उच्च मर्यादेचा अधिकार असलेल्यांना ५००० नोंदी मिळतात.

तपासणीच्या अभावाचे परिणाम :

अधिकारस्तराची तपासणी ही केवळ तांत्रिक औपचारिकता नव्हे. तिच्या अभावाचे सर्वांत चर्चित उदाहरण मार्च २०१८ मध्ये उघडकीस आले. अलेक्झांडर कोगन या संशोधकाने तयार केलेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीच्या ॲपला फेसबुकच्या पहिल्या आवृत्तीतील एपीआयद्वारे वापरकर्त्यांच्या मित्रांचीही माहिती मिळविता आली आणि ती केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीकडे गेली. फेसबुकने दिलेल्या माहितीनुसार जगभरात सुमारे ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती अशा प्रकारे गेली असण्याची शक्यता होती. भारतापुरते पाहता ते ॲप केवळ ३३५ व्यक्तींनी घेतले होते. परंतु बाधित होण्याची शक्यता असलेल्या भारतीयांची संख्या ५ लाख ६२ हजार ४५५ सांगण्यात आली. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणी केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला.

या आकड्यांचा अर्थ समजून घेतला पाहिजे. ३३५ व्यक्तींनी निदान 'होय' म्हटले होते. उर्वरित पाच लाखांहून अधिक लोकांना कोणी विचारलेच नव्हते. तेथे एपीआयने कोणताही नियम मोडला नाही. त्या काळच्या नियमांनुसार मित्रांची माहिती मिळू शकत होती. म्हणजे 'प्रणाली देते' आणि 'घेण्याचा अधिकार आहे' या दोन बाबी एकच नव्हेत. फेसबुकने दुसऱ्या आवृत्तीत ही वाट बंद केली आणि जुन्या ॲपना ३० एप्रिल २०१५ पर्यंत मुदत दिली. पण तोवर माहिती गेलेली होती. एकदा बाहेर गेलेली माहिती परवानगी रद्द करून परत येत नाही.

दुसरे उदाहरण सप्टेंबर २०१८ मधील आहे. फेसबुकच्या 'दुसऱ्याच्या नजरेने पाहा' या सोयीतील दोषामुळे हल्लेखोरांना वापरकर्त्यांची टोकने मिळविता आली. आरंभी सुमारे ५ कोटी खाती बाधित असल्याचे जाहीर झाले. नंतर सुमारे ३ कोटी खात्यांची टोकने चोरीला गेल्याचे सांगण्यात आले. टोकन ज्याच्या हाती, त्याच्या हाती अधिकार, हे यावरून स्पष्ट होते. म्हणून टोकन सांभाळणे हे पासवर्ड सांभाळण्याइतकेच जबाबदारीचे काम आहे.

कायदेशीर चौकट :

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाचा हक्क हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या अधिनियमानुसार संमती ही मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असली पाहिजे आणि ती नमूद उद्देशासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते. संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, असेही बंधन आहे. १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती अपेक्षित आहे.

शेवटचा मुद्दा आपल्या भागातील महाविद्यालयांना विशेष लागू होतो. अनेक वरिष्ठ महाविद्यालयांना कनिष्ठ महाविद्यालय जोडलेले आहे आणि अकरावी-बारावीचे बहुसंख्य विद्यार्थी १८ वर्षांखालील असतात. त्यांना समाजमाध्यमाच्या खात्याने पोर्टलवर लॉगिन करावयास सांगताना अधिकारस्तराचा प्रश्न तंत्राबरोबरच पालकाच्या संमतीचाही होतो.

महाविद्यालयांसाठी सूचना :

१. आवश्यक तेवढीच परवानगी मागावी. विद्यार्थ्याची ओळख पटविण्यासाठी नाव व ई-मेल पुरेसे असेल, तर छायाचित्रे, जन्मतारीख किंवा मित्रांची यादी मागू नये.

२. तपासणी सर्व्हरवर करावी. पडद्यावरील बटण लपविणे म्हणजे अधिकार काढून घेणे नव्हे. बटण दिसले नाही तरी विनंती थेट पाठविता येते.

३. प्रत्येक महत्त्वाच्या कृतीच्या वेळी तपासणी करावी. जूनमध्ये दिलेली परवानगी वापरकर्ता ऑगस्टमध्ये रद्द करू शकतो. एकदा तपासून ठेवलेले उत्तर कायमचे खरे मानू नये.

४. अधिकृत पाने व वाहिन्या व्यक्तिगत खात्यावर अवलंबून ठेवू नयेत. किमान दोन जबाबदार व्यक्तींकडे पूर्ण व्यवस्थापन असावे. बऱ्याच ठिकाणी तासिका तत्त्वावरील अध्यापक किंवा उत्साही विद्यार्थी पान तयार करतो, पुढे तो अन्यत्र जातो, आणि संस्थेकडे स्वतःच्याच पानाचा अधिकार उरत नाही. उलट बाजूने, गेलेल्या व्यक्तीकडे अधिकार तसाच राहतो. दोन्ही स्थिती घातक आहेत.

५. कार्यभार हस्तांतराच्या यादीत कपाटाच्या किल्ल्या व दप्तरासोबत समाजमाध्यमांवरील भूमिका आणि जोडलेली ॲप यांचाही समावेश करावा. शैक्षणिक वर्षाच्या आरंभी अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाने ही यादी एकदा तपासावी.

६. मजकूर टाकणाऱ्याला मजकूर टाकण्याचीच भूमिका द्यावी. सोयीसाठी सर्वांना पूर्ण व्यवस्थापक करण्याची प्रथा बंद व्हावी.

७. बाहेरच्या व्यक्तीकडून संकेतस्थळ तयार करून घेताना कोणती टोकने कोठे साठविली जातात व काम संपल्यावर ती रद्द कोण करणार, हे करारातच लिहून घ्यावे.

८. संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमातील प्रकल्पांमध्ये अधिकार-पडताळणीला स्वतंत्र गुण ठेवावेत. मराठी विकिपीडियाचे एपीआय कोणतेही शुल्क न भरता अभ्यासता येते, हा त्याचा मोठा लाभ आहे. केवळ वाचण्याच्या विनंत्यांपासून आरंभ केल्यास विद्यार्थ्याच्या चुकीने कोणाचे नुकसानही होत नाही.

निष्कर्ष :

१. लॉगिन यशस्वी होणे म्हणजे ओळख पटणे होय. त्यातून अधिकार सिद्ध होत नाही.

२. प्रत्यक्ष अधिकार हा ॲपला मिळालेली परवानगी आणि वापरकर्त्याची भूमिका यांचा सामाईक भाग असतो. म्हणून दोन्ही तपासणे अनिवार्य आहे.

३. गटाचे किंवा पदाचे नाव पाहून निर्णय घेण्यापेक्षा विशिष्ट अधिकार तपासणे अधिक विश्वसनीय ठरते.

४. नकाराच्या कारणाचा योग्य अर्थ लावणे हा तपासणीचाच भाग आहे.

५. तांत्रिक दृष्ट्या मिळू शकणारी माहिती नैतिक व कायदेशीर दृष्ट्या घेता येतेच असे नाही.

समारोप :

ग्रामीण भागातील विद्यार्थी महाविद्यालयाच्या नावावर विश्वास ठेवून पडद्यावरील 'परवानगी द्या' हे बटण दाबतो. त्या क्षणी तो कोणत्या अटी मान्य करतो हे त्याला सांगणारे घरात बहुधा कोणी नसते. त्यामुळे त्याने दिलेल्या परवानगीची मर्यादा पाळण्याची जबाबदारी संस्थेवर आणि पर्यायाने अध्यापकांवर येते. मुखत्यारपत्र घेणाऱ्याने ते देणाऱ्याच्या हिताआड वापरू नये, हा आपल्या व्यवहारातील जुना दंडक आहे. एपीआयच्या युगातही तो तेवढाच लागू आहे. फरक एवढाच की तो दंडक आता प्रोग्रामच्या ओळींमध्ये लिहावा लागतो.